लाजाळूचं पान हवेनं मिटवायचंय (मऊ रोबोट, एक कर्कश पंप आणि थोडी मदत)

फुगेवाला | १२ जून, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. हा धागा इलेक्ट्रॉनिक्समध्ये टाकू, हस्तकलेत की बागकामात, हे शेवटपर्यंत ठरलं नाही. ॲडमिन, हलवायचा असेल तर खुशाल हलवा.

मे महिन्यात आजोळी (सावंतवाडीजवळ) गेलो होतो. सोबत बहिणीची मुलगी, वय वर्षं ७. अंगणाच्या कडेला लाजाळू माजलंय, तिथे ती तासभर उकिडवी बसली होती. एकेक पान मिटवायचं, उघडायची वाट बघायची, परत मिटवायचं. त्या तासात मोबाइल एकदाही मागितला नाही. मी पोटापाण्यासाठी घरगुती उपकरणांची डिझाइनं करतो. लोकांनी आमच्या वस्तूंना परत परत हात लावावा म्हणून आम्ही काय काय करतो, आणि इथे एक रानगवत फुकटात ते करत होतं. परत आल्यावर टेबलावर ठेवायचं मऊ लाजाळू करायला घेतलं.

काय केलंय ते सांगतो. ज्यांना माहीत आहे त्यांनी हा परिच्छेद ओलांडावा. मऊ रोबोट म्हणजे ज्यात सांधे, गिअर, मोटारी नसतात (किंवा असल्या तरी लांब कुठेतरी असतात) आणि हालचाल मऊ पदार्थाच्या फुगण्या-वाकण्यातून होते. हार्वर्डच्या व्हाइटसाइड्स यांच्या गटानं २०११ मध्ये नुसत्या हवेवर चालणारा चार पायांचा रबरी प्राणी केला होता. तो अंग चपटं करून जेमतेम २ सेंटिमीटरच्या फटीखालून सरपटत गेला. त्यातली युक्ती सोपी आहे. सिलिकॉनच्या पट्टीत एका रांगेत हवेच्या छोट्या खोल्या. वरची बाजू ताणते, खालच्या थरात कागद किंवा कापड घातलेलं असल्यानं ती ताणत नाही. हवा भरली की पट्टी खालच्या बाजूला वळते.

तशी ६ पानं ओतली. सिलिकॉन प्लॅटिनम-क्युअर (म्हणजे प्लॅटिनमच्या मदतीनं घट्ट होणारं), मऊपणाच्या शोअर मापात ००-३० (म्हणजे फारच मऊ), साचे थ्री-डी प्रिंट केलेले. पानाखाली विद्युतवाहक कापड, ते एमपीआर१२१ या स्पर्श ओळखणाऱ्या चिपला जोडलेलं. स्पर्श झाला की १२ व्होल्टचा छोटा डायफ्रॅम पंप चालू, पान वळतं. मग व्हॉल्व्ह उघडतो, पान सरळ.

आता रडगाणं.

१. पानाला बोट लावलं की घर्रर्र. बहिणीनं हात झटकन मागे घेतला आणि म्हणाली, "मिक्सर लावलास का?"
२. मिटायला ४ सेकंद, उघडायलाही साधारण तेवढीच. बघताना एस्टीचा दरवाजा आठवतो.
३. सहापैकी दोन पानं आतून चिकटच राहिली, आठवडा झाला तरी सुकेनात.
४. पाऊस सुरू झाल्यापासून कोणी हात न लावता पानं आपली आपणच मिटताहेत.

पान मिटतं, पण लाजत नाही. काय चुकतंय?

साचेवाला_पेणकर | १३ जून, सकाळी ७:०५

तिसऱ्याचं उत्तर माझ्याकडे आहे. हातात कुठले ग्लोव्हज होते? पांढरे-पिवळट, डॉक्टरकडे असतात ते लेटेक्सचे असतील तर तेच कारण. प्लॅटिनमवालं सिलिकॉन भयंकर सोवळं असतं. लेटेक्स, गंधक असलेली माती, काही प्रकारचं प्रिंटिंगचं रेझिन, यातल्या कशाचाही विटाळ झाला की जिथे लागलं तिथे ते धरतच नाही. कथिलवालं (टिनचं) इतके नखरे करत नाही, पण ते कालांतरानं आखडतं आणि लवकर फाटतं. साच्याला चालेल, पानाला नको.

आमचा गणपतीचा कारखाना आहे, रबरी साचे रोजचेच. बुडबुड्यांबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण ते असणारच. आधी ब्रशनं पातळ हात मारा, मग एका कोपऱ्यातून, उंचावरून, सुतळीएवढी धार सोडा. धार बारीक झाली की बुडबुडे वाटेतच फुटतात. पंख्याखाली ओतू नका.

फुगेवाला | १३ जून, सकाळी ९:२२

लेटेक्सच. तुमच्या पाया पडतो. नायट्राइलचे आणतो.

तपकीर_गल्ली | १३ जून, दुपारी १:१५

आवाजाचं. पंप लाकडी खोक्यात, खाली फोम, खोक्याला पाय नकोत, टांगून ठेवा. किंवा पंप लांब ठेवून मधे हवेची टाकी करा. सोडावॉटरची प्लॅस्टिक बाटली चालते. पंपानं बाटली भरून ठेवायची आणि स्पर्श झाला की फक्त व्हॉल्व्ह उघडायचा. वेगही वाढेल.

आणि १२ व्होल्टचा राक्षस कशाला वापरताय? बंद पडलेलं डिजिटल बीपीचं मशीन मिळवा. आत छोटा पंप असतो, हवा सोडायचा व्हॉल्व्ह असतो, सगळं एकमेकांसाठी बनलेलं. बीपीचा पट्टा ३०० मिलिमीटर पाऱ्यापर्यंत फुगतो म्हणजे ४० किलोपास्कल, तुमच्या पानाला याच्या निम्म्यानंही काम होईल. नळ्या, टी-जॉइंट आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (हवा एकाच दिशेनं जाऊ देणारा) फिशटँकच्या दुकानातून घ्या, वैद्यकीय दुकानात तेच तिप्पट भावानं मिळतं.

(चालू मशीन फोडू नका. आमच्या घरी त्यावरून महाभारत झालंय.)

चहा_आणि_चिकित्सा | १३ जून, दुपारी ४:३०

मला एक कळत नाही. स्पर्शाला प्रतिसाद देणारी, मऊ, निसर्गातून प्रेरणा घेतलेली वस्तू आधीच उपलब्ध आहे. तिला मांजर म्हणतात. चार्जिंग दुधावर.

फुगेवाला | १३ जून, दुपारी ४:४१

मांजर माझ्या स्पर्शाला प्रतिसाद देत नाही. तिच्या मनात आलं तर देते.

ओसाका_मुक्कामी | १३ जून, रात्री ८:५०

चिकित्सा, तुमच्या विनोदात खरा मुद्दा आहे. इथे जपानमध्ये पारो नावाचा रोबोट आहे, पांढऱ्या सीलच्या पिल्लाच्या रूपातला. ताकानोरी शिबाता यांनी तो केला, २००५ पासून विक्रीला आहे, आणि २००९ मध्ये अमेरिकेत त्याला वैद्यकीय उपकरण म्हणून मान्यताही मिळाली. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांसाठी वापरतात. त्यांनी आधी मांजर आणि कुत्रा करून पाहिला होता. पण लोकांनी मांजर पाळलेलं असतं. हात लावताच ते खऱ्या मांजराशी तुलना करतात आणि नाक मुरडतात. सीलचं पिल्लू कोणी मांडीवर घेतलेलंच नसतं, मग तुलना करणार कशाशी?

फुगेवाला, तुमची अडचण याच्या उलट आहे. लाजाळूला हात न लावलेला मराठी माणूस शोधून सापडायचा नाही. सगळे तुमच्या पानाला मनातल्या लाजाळूशेजारी ठेवून बघणार. एक तर हुबेहूब जमवा, नाहीतर दिसायला लाजाळू करू नका.

जुनी_वही | १४ जून, सकाळी ६:१०

३१ वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं, त्यामुळे थोडं लांबण लावते. चालवून घ्या.

फुगेवाला, तुमच्या यंत्रात चूक एकच आहे, पण मुळातली. तुम्ही मिटण्यासाठी हवा भरताय. लाजाळू मिटण्यासाठी काहीच भरत नाही, ते सोडून देतं.

देठाच्या बुडाशी एक फुगीर गाठ असते, पल्विनस म्हणतात तिला. प्रत्येक पर्णिकेच्या बुडाशीही तशीच इवलीशी असते. तिच्या पेशी पाण्यानं तट्ट भरलेल्या असतात आणि त्या ताणावर देठ उभा असतो, सायकलची ट्यूब हवेवर असते तसा. बोट लागलं की विजेचा संकेत निघतो, सेकंदाला २-३ सेंटिमीटर या गतीनं देठातून जातो. मिटण्याची लाट पानावरून धावताना दिसते ना, ती हीच. संकेत गाठीपाशी पोचला की एका बाजूच्या पेशींतून पोटॅशियम आणि क्लोराइडचे आयन बाहेर पडतात, त्यांच्या मागोमाग पाणी. ती बाजू लुळी पडते, समोरची बाजू ताठच असते, देठ कोलमडतो. सगळं एक-दोन सेकंदांत.

उघडताना मात्र झाडाला मेहनत आहे. ते आयन परत आत खेचावे लागतात, त्याला ऊर्जा लागते, पाणी हळूहळू परततं. १०-१५ मिनिटं सहज जातात. म्हणजे झाडाकडेही पंप आहे, पण लाजताना तो चालत नाही. उघडताना चालतो.

तुम्ही पान हवेवर उभं ठेवा आणि स्पर्श झाला की हवा सोडा. आवाज नाही, वेळ नाही. मग पंप सावकाश चालू द्या, तेव्हा कोणाचं बोट तिथे नसतं.

जाता जाता. जगदीशचंद्र बोस यांनी लाजाळूवर वर्षानुवर्षं काम केलं. झाडाची हालचाल टिपण्यासाठी काजळी लावलेल्या काचेवर रेघ उमटवणारी यंत्रं त्यांनी स्वतः घडवली. हा संकेत विजेचा आहे, प्राण्यांच्या मज्जातंतूंशी त्याचं नातं आहे, असं ते म्हणत आणि त्यावरून त्यांची टिंगलही झाली. दुसऱ्या बाजूला रिक्का या इटालियन संशोधकानं १९१६ मध्ये दाखवलं की जखम झाली तर पाण्याच्या नळ्यांतून वाहणारं रसायनही निरोप नेतं. आज दोघांचंही थोडं थोडं खरं मानतात.

तपकीर_गल्ली | १४ जून, सकाळी ६:५८

ताई, सलाम. आणि बघा, बीपीचं मशीन अगदी हेच करतं! भरतं सावकाश, सोडतं फस्सकन. वर बहुतेक मशीनमध्ये तो व्हॉल्व्ह वीज नसताना उघडा असतो, म्हणजे बॅटरी गेली तर पट्टा हातावर आवळलेला राहत नाही.

फुगेवाला | १४ जून, सकाळी ८:३०

जुनी_वही ताई, चहा हातात तसाच राहिला. तीन आठवडे मी पंपाचा आवाज कमी करायच्या मागे होतो, आणि पंप त्या क्षणी लागतच नाही! परत पहिल्यापासून सुरुवात करतो.

दर्यावर्दी_मालवण | १४ जून, रात्री ९:३५

लाजाळूचा काय घेऊन बसलास, जरा खडपात ये. ओहोटीला खडकाच्या डबक्यात समुद्रफुलं असतात (अ‍ॅनिमोनी). फुललेलं असताना बोट लाव. क्षणात आवळून गोळा. ता पण रिकामाच होता रे. अंगात पाणी भरून ताठ उभा असता, बोट लागला की तोंडातून पाणी पिचकारीसारखा बाहेर. परत भरूक अर्धो तास. तोंडाच्या कडेला बारीक केसांची खाच असते, ते केस हलवून हलवून पाणी आत घेतं. पंपच तो, फक्त आवाज नाही.

उलट गोष्ट बघायची तर केंड मासा. जाळ्यात आला की पाणी पिऊन, नाहीतर हवा घेऊन, टम्म फुगतो. तो भरून घाबरवतो, समुद्रफूल रिकामं होऊन लपतं. भरणं म्हणजे दुसऱ्याला "लांब हो". रिकामं होणं म्हणजे आपण "लांब झालो". तुझ्या पहिल्या पानानं बहिणीला केंडाचा निरोप दिला, म्हणून तिनं हात मागे घेतला. माझो आपलो अंदाज.

ओसाका_मुक्कामी | १४ जून, रात्री १०:०२

दर्यावर्दी, हे चौकटीत लावण्यासारखं आहे. वाचनखूण साठवली.

रेघोट्या | १५ जून, दुपारी २:२०

पहिल्यांदाच इथे लिहितेय. मी विशेष मुलांच्या शाळेत ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. अशा वस्तू आम्हाला खूप उपयोगी पडतात, पण बाजारात मिळतात त्या दिवे आणि गाणी लावलेल्या. काही मुलांना आवाज सहनच होत नाही, काहींना चिकट स्पर्श नको असतो. सिलिकॉनला धूळ आणि केस चिकटतात, एका दिवसात ते ओंगळ दिसायला लागतं. कापड असेल तर बरं, धुता येईल असं. सुटी होऊन तोंडात जाईल अशी एकही गोष्ट नको. तारा मुलाच्या हाताशी नकोत, सगळं इलेक्ट्रॉनिक्स लांब आणि बंद पेटीत.

आणि एक प्रश्न. परत परत दाबलं तर तुमचं पान काय करणार? आमची मुलं एकच गोष्ट चाळीस वेळा करतात आणि चाळीसही वेळा तेच व्हावं अशी त्यांची अपेक्षा असते.

जुनी_वही | १५ जून, सायंकाळी ५:४५

खरं लाजाळू चाळीसही वेळा तेच करत नाही! देफोंतेन या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञानं लाजाळूच्या कुंड्या पॅरिसमध्ये बग्गीतून फिरवल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. चाकांच्या हादऱ्यानं सगळी पानं मिटली, पण बग्गी चालत असतानाच हळूहळू उघडली. सवय झाली. २०१४ मध्ये मोनिका गॅल्यानो आणि सहकाऱ्यांनी कुंड्या १५ सेंटिमीटरवरून पुन्हा पुन्हा पाडून हाच प्रयोग नीट मापून केला. धोका नाही हे कळल्यावर झाडं मिटायची थांबली, आणि चार आठवड्यांनीही ते विसरली नव्हती. ती नुसती दमली नव्हती, कारण वेगळ्या प्रकारे हलवल्यावर लगेच मिटली. याला "शिकणं" म्हणावं का यावर वाद आहे, मी त्यात पडत नाही.

फुगेवाला | १५ जून, रात्री ११:१०

म्हणजे खरं लाजाळू करायचं तर त्याला कंटाळा यायला हवा, आणि रेघोट्यांच्या मुलांसाठी तो येता कामा नये. मला कंटाळलेलं पान फार आवडलंय खरं तर. मागे एक बटण ठेवतो.

रेघोट्या | १६ जून, सकाळी १०:०५

बटण नको, मूल दाबणार. आत स्विच ठेवा.

चहा_आणि_चिकित्सा | १६ जून, सकाळी १०:३०

चौथ्या तक्रारीचं कोणी बोललंच नाही. पावसात स्वतःहून मिटणारी पानं.

तपकीर_गल्ली | १६ जून, सकाळी ११:५०

कपॅसिटिव्ह स्पर्श म्हणजे विद्युतधारकतेतला बारीकसा बदल मोजणं. हवेतला दमटपणा, कापडात मुरलेला ओलावा, शेजारचा चार्जर, सगळंच त्यात मिसळतं. चिप स्वतःची पायारेषा (स्पर्श नसतानाचा आकडा) सरकवत राहते, पण सर्द कापडापुढे तिचंही डोकं चालत नाही. उंबरठा वाढवला तर हलका स्पर्श कळणार नाही.

व्हीनस फ्लायट्रॅपचा (किडे पकडून खाणाऱ्या झाडाचा) नियम लावून बघा. तो एका स्पर्शावर मिटत नाही. साधारण २० सेकंदांत पानावरचा केस दुसऱ्यांदा हलला तरच. पावसाच्या थेंबाला फसून तोंड मिटणं त्याला परवडत नाही. आमच्या भाषेत हे डिबाउन्सिंगच की, म्हणजे खोटे संकेत गाळणं.

फुगेवाला | १६ जून, दुपारी १२:२०

करून बघितलं (आजारपणाची रजा टाकून. साहेब इथे नसावेत). तांत्रिकदृष्ट्या चोख. पण पहिल्या स्पर्शाला पान ढिम्म राहतं आणि माणूस तेवढ्यात "बंद आहे वाटतं" म्हणून निघून जातो. फ्लायट्रॅपला माशीची मनधरणी करायची नसते, मला करायची आहे.

ओसाका_मुक्कामी | १६ जून, दुपारी ३:४०

एक सुचवू? आता पान कायम फुगलेलं असणार आहे ना? मग स्पर्श हवेलाच ओळखू द्या. बंद कप्प्यातली हवा दाबली की दाब वाढतो. नळीच्या दुसऱ्या टोकाला, पेटीत, दाबाचा सेन्सर ठेवा. पानात एकही तार नाही, कापड ओलं असो की सुकं. तुमच्या जुन्या रचनेत हे शक्यच नव्हतं, रिकाम्या पानाला चिमटा काढला तर कोणाला कळणार?

रेघोट्या | १६ जून, दुपारी ३:५५

तार नाही हे वाचून मी ओरडलेच.

फुगेवाला | ९ जुलै, रात्री १२:३०

धागा वर काढतोय. दुसरी आवृत्ती उभी आहे. अक्षरशः.

सिलिकॉन सोडलं. (पेणकर, रागावू नका. तुमच्या धारेच्या युक्तीनं एक निर्दोष पान निघालं, ते टेबलावर शोभेला ठेवलंय.) टीपीयूचा (उष्णतेनं चिकटणाऱ्या लवचिक प्लॅस्टिकचा) थर असलेलं नायलॉन घेतलं, तंबू आणि फुगवायच्या उशा करतात त्या जातीचं. दोन थर, थर आतल्या बाजूला, मधे बटर पेपरची पट्टी, वरून इस्त्री. जिथे बटर पेपर तिथे चिकटत नाही, तोच हवेचा मार्ग. कारखाना म्हणजे स्वयंपाकघराचा ओटा. इस्त्री फार तापली की नायलॉन आकसतं, कमी पडली की दुसऱ्या दिवशी कडेनं फुस्स. पहिली ९ पानं त्यातच गेली. वर सुती कापड ठेवून दोनदा दाबल्यावर जमलं.

देठ म्हणजे बोटाएवढी नळी. हवा भरली की सरळ उभी. खालच्या शिवणीत (शिवणीत हं, कप्प्यात नाही, हे शिकायला दोन पानं गेली) बारीक इलॅस्टिक ताणून शिवलंय. हवा गेली की ते देठाला खाली ओढतं. जुनी_वही ताईंच्या गाठीतली "समोरची ताठ बाजू" म्हणजे माझं इलॅस्टिक. पर्णिकांना ते वरून आडवं शिवलंय, म्हणून देठ पडताना पानं वर मिटतात. खऱ्यासारखंच. प्रत्येक पानाला आपापली नळी, आपापला व्हॉल्व्ह आणि सेन्सर. पंप एकच, पण हरेक नळीवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, त्यामुळे एक पडलं म्हणून दुसरं पडत नाही.

पंप बीपीच्या मशीनचा. दाब १२ किलोपास्कल. पानाला चिमटीत धरलं की तो अर्ध्या किलोपास्कलनं उडी मारतो. हवा दिवसभर थोडी थोडी गळते, तापमानानंही बदलते, म्हणून आकडा किती आहे ते बघतच नाही. मागच्या दोन सेकंदांच्या सरासरीपेक्षा एकदम वर गेला का, एवढंच बघतो. पाऊस धो धो चालू आहे, पान शांत.

मिटायला पाऊण सेकंद. उघडायला दीड मिनिट, पंप इतका हळू चालवलाय की मच्छरदाणीबाहेरच्या डासाएवढा आवाज येतो. दहा मिनिटं लावून बघितली होती, पण माणसं एवढा वेळ थांबत नाहीत, भाची सोडून.

एक गोष्ट मी डिझाइन केलीच नव्हती. पान अर्धवट उठलेलं असताना हात लावला तर ते परत पडतं, पण थोडंसंच, कारण हवाच कमी असते. लोक म्हणतात, "अजून घाबरलेलं दिसतंय." मी कोडमध्ये असं काहीही लिहिलेलं नाही.

जुनी_वही | ९ जुलै, सकाळी ६:२०

खरं लाजाळूही तसंच करतं. पूर्ण सावरण्याआधी छेडलं तर अर्धवटच हलतं.

तपकीर_गल्ली | ९ जुलै, सकाळी ९:००

जबरदस्त. पण व्हॉल्व्ह तापत नाही का? तो वीज नसताना उघडा, म्हणजे पान उभं असेपर्यंत कॉइलला सतत करंट.

फुगेवाला | ९ जुलै, सकाळी ९:१५

तापतो. काल रात्री हात लावला तर चटका. हे विचारणारच होतो. बंद जातीचा (वीज नसताना बंद राहणारा) व्हॉल्व्ह लावला तर करंट लागणार नाही, पण मग वीज गेल्यावर पान उभंच राहील, आणि मला ते पडायला हवंय.

तपकीर_गल्ली | ९ जुलै, सकाळी ९:४०

व्हॉल्व्ह ओढून घ्यायला पूर्ण जोर लागतो, धरून ठेवायला त्याच्या निम्माही लागत नाही. पहिले १०० मिलिसेकंद पूर्ण व्होल्टेज द्या, मग पीडब्ल्यूएमनं (वीज झपाझप चालू-बंद करून) ४० टक्क्यांवर आणा. सुटायला लागला तर थोडं वाढवा. कॉइलवर उलटा डायोड लावलाय ना? नसेल तर कॉइल बंद होतानाच्या झटक्यानं आज संध्याकाळी तुमचा मॉसफेट (व्हॉल्व्हची वीज चालू-बंद करणारा भाग) स्वर्गवासी.

चहा_आणि_चिकित्सा | ९ जुलै, दुपारी १:१०

मी मांजरवाला. एवढं सगळं वाचून मान्य करतो, बघायला आवडेल. पुण्यात कुठे?

रेघोट्या | ९ जुलै, दुपारी २:३०

आधी आमच्याकडे. दोन पानं द्या, सवय न होणारी. पेटी बंद, स्विच आत, इलॅस्टिकच्या शिवणी दुहेरी. आणि रंग फिका ठेवा, हिरवागार भडक नको. एक मुलगा आहे, तो कोणत्याच वस्तूला आपणहून हात लावत नाही. त्याच्यासमोर नुसतं ठेवून बघायचंय. लावलाच पाहिजे असं काही नाही.

फुगेवाला | ९ जुलै, रात्री ११:५५

डायोड नव्हता. मॉसफेट गेला. नवा आणला, डायोड लावला, ४० टक्क्यांवर व्हॉल्व्ह कोमट आहे, सुटत नाही.

रेघोट्या, शनिवारी आणतो. फिक्या रंगाचं नायलॉन मिळालंय, राखाडीकडे झुकणारं. चालेल?

रेघोट्या | १० जुलै, सकाळी ८:१०

चालेल. अकरानंतर या, त्याआधी प्रार्थना असते, गोंगाट असतो.

दर्यावर्दी_मालवण | १० जुलै, सकाळी ८:४५

राखाडी म्हणजे समुद्रफूलच की रे ता.